मातकट चांदवा

प्रिय टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. तुझ्या शाळेच्या वह्यांवर नावं घालायचं थांबवल्यापासून मी सलग एवढं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे ओळी उजवीकडे घसरत चालल्या आहेत. वाचताना मान जरा वाकडी कर. सहा फूट उंच झालास तरी माझ्या लेखी तू टिल्लूच, तेवढं चालवून घे. बाबांनी तुला सांगितलं असेल की आई बुद्धमंदिरात ध्यानाच्या शिबिराला गेली आहे, तिला जरा विश्रांती हवी होती. त्यातलं मंदिर खरं आहे. शिबिर नाही आणि ध्यान तर नाहीच. दोन मिनिटं डोळे मिटून बसले की मी घोरते, तुला ठाऊक आहे. मी इथे चांदवे शिवते आहे. चांदवा म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर ताणून बांधतात ते कापडी छत. आणि गेले अकरा दिवस मी इथून बाहेर पडलेले नाही. का, तेच सांगायला बसले आहे, पण मला मधूनच सुरुवात करता येत नाही. शिवण उसवताना टोक धरावं लागतं, तसंच हे.

आमच्या शिवणखान्याच्या मालकीणबाई आठवतात ना, चष्मा केसांत खोचून तोच चष्मा शोधत फिरणाऱ्या? त्यांच्याकडे तीन महिन्यांपूर्वी एक भिक्खुणी आल्या. साठीच्या पुढच्या, डोक्याचा गोटा, बांधा पैलवानाचा आणि काखेत कापडाची वळकटी. आल्या आल्या म्हणाल्या, दोन शिंपी काम अर्धवट टाकून पळालेत, तुमच्यात कुणी चिवट बाई आहे का? सगळ्या मशिनी थांबल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे कळलं की दीक्षा घेण्याआधी या बाईंनी बावीस वर्षं बस चालवली होती. मंदिरात सगळे त्यांच्याशी मान देऊन बोलतात, पाठीमागे मात्र ड्रायव्हरबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि माझा अंदाज, आवडतंही.

शिंपी का पळाले ते मंदिरात गेल्यावर कळलं. ते मुळात लोकरीचं गोदाम. भिंती दगडी, हातभर जाड, खिडक्या इवल्याशा. कामधंद्यासाठी देशोदेशींहून आलेल्या लोकांनी ते मिळून घेतलं, कारण एकेकट्याला आपलं वेगळं मंदिर झेपणारं नव्हतं. मग प्रत्येकाने आपापल्या घरचं काहीतरी आणलं. चिनी मंडळींनी कोपरे वर वळलेलं हिरव्या कौलांचं छप्पर चढवलं, खाली तांब्याचा पत्रा घालून. आत शिरलं की समोर थायलंडची सोनेरी, सडपातळ बुद्धमूर्ती, डोक्यावर ज्योत. तिच्या डावीकडे व्हिएतनामी लोकांची पांढरी करुणादेवी, हातात चिमुकली सुरई. उजवीकडे श्रीलंकेच्या कुटुंबांनी कुंडीत लावलेलं बोधिवृक्षाचं रोप, भोवती पितळी कठडा. बाजूच्या बोळात तिबेटी प्रार्थनाचक्रं, जाता-येता हाताने फिरवायची. ती करकरायला लागली की ड्रायव्हरबाई तेलाची झारी घेऊन निघतात. मागच्या अंगणात जपानी लोकांनी खडी पसरून तिच्यावर दाताळ्याने रेघा ओढल्या आहेत, त्यावर मांजराशिवाय कुणी पाय ठेवत नाही. दाराशी फळा आहे, कुणाचं पठण किती वाजता ते लिहिलेला. तरी एक संपायच्या आत दुसरं सुरू होतंच. सहा जावा एका स्वयंपाकघरात राबाव्यात, शेगड्या सहा आणि मिठाची बरणी एकच, असा सगळा कारभार. मला पहिल्या दिवशीच तिथे घरच्यासारखं वाटलं.

तर काम असं होतं की वरच्या मजल्यावर सगळ्यांच्या मूर्ती एका ओळीत बसवल्या होत्या आणि त्यांच्यावर एकच मोठा चांदवा हवा होता. रंगावरून रणकंदन. एकांना पांढरा पवित्र, तर दुसऱ्यांकडे पांढरा सुतकाचा. लाल म्हटलं की तिसरे म्हणत, इथे काय लग्न आहे? पिवळ्यावर सगळे राजी झाले, मग कुठला पिवळा यावर दोन रविवार गेले. मी कापडाच्या चिंध्यांची पिशवी घेऊन एकेकाकडे गेले आणि कुणाला कुठला चालणार नाही एवढंच विचारलं. शेवटी कुणाचीच हरकत नाही असा एकच रंग उरला, मातकट. ड्रायव्हरबाई म्हणाल्या, छान, मळला तरी कळणार नाही.

बाबांनी या कामाला हो म्हटलं ते देवाचं काम म्हणून. त्यांचं तुला ठाऊकच आहे. आग लागली, पूर आला की विमा कंपनीतर्फे जाऊन नुकसान किती झालं ते ठरवायचं, यात त्यांचा जन्म गेला. माणूस उंबऱ्याबाहेर पडला की त्याचं काय काय होऊ शकतं हे त्यांना तोंडपाठ आहे. म्हणून सकाळी नऊला मला सोडणार, साडेपाचला न्यायला येणार. दुपारी मी डब्याचा फोटो पाठवायचा. फोनच्या नकाशावर माझा निळा ठिपका असतो, तो ते बघत असतात. एकदा दोरा आणायला पलीकडच्या रस्त्यावर गेले, तर तिथे पोचायच्या आत फोन, ठिपका का हलला? शिवणखान्यात मला ठिपकाबाई म्हणतात. मीही हसते. नवरा एवढी काळजी करतो म्हटल्यावर तक्रार करायची कुठल्या तोंडाने? ते पीत असते, हात उचलत असते, तर शेजारच्या काकूंनी तरी माझी बाजू घेतली असती.

मापं घ्यायला मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा चाळीस मिनिटं होते. तोंडात टाचण्या, हातात टेप, कानामागे खडू. आणि काम इतकं भराभर होत होतं की माझं मलाच नवल वाटलं. मग लक्षात आलं, फोन वाजलेला नाही. बघते तर रेंजच नाही, त्या भिंती आणि तो तांब्याचा पत्रा. धावत खाली आले. शेवटच्या पायरीवर फोन थरथरायला लागला तो थांबेचना. सतरा मिस्ड कॉल. मी परत लावणार तोच बाबा फाटकातून आत आले. कुठल्याशा जळक्या दुकानातून तसेच उठून आले होते, बुटांवर काजळी. सगळ्यांना नमस्कार केला, मूर्तींपुढे डोकं टेकवलं, एका खिडकीचं अडकलेलं दार मोकळं करून दिलं. पाच मिनिटांत सगळ्यांना आपलंसं केलं. एका आजीबाईंनी मला कोपराने ढोसलं, म्हणाल्या, किती जीव आहे गं तुझ्यावर! मग बाबांनी सहज विचारावं तसं ड्रायव्हरबाईंना विचारलं, ही सगळा वेळ वरच होती ना? एकटीच? मी त्यांच्याकडे डोळ्यांनी विनवणी करत बघत होते, हो म्हणा म्हणून. त्या म्हणाल्या, मला का विचारता? त्या तुमच्या शेजारीच उभ्या आहेत. नंतर मला म्हणाल्या, आम्हाला खोटं बोलायला बंदी आहे बाई, पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची सक्ती नाही.

घरी आल्यावर बाबा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत, तू तरी ऐकलंयस का? ते फक्त बोलायचं थांबतात. या वेळी तीन दिवस. जेवताना मीठ हवं असलं तरी माझ्याकडे न मागता उठून घेतात. मग मी पातेल्यावर झाकणसुद्धा आवाज न करता ठेवायला लागते. तू लहानपणी विचारायचास, आज घर एवढं शांत का? मी सांगायचे, बाबा दमलेत. चौथ्या दिवशी मी माफी मागितली. कशाबद्दल ते मला धड सांगता येईना, तरी मागितली, आणि त्यांनी मोठ्या मनाने दिली.

तुला एक जुनी गोष्ट आठवत असेल, पण तू ती वेगळी सांगतोस. तू सात वर्षांचा होतास, आपण माझ्या आईकडे गेलो होतो. आजी अंथरुणाला खिळलेली. पंधरा दिवस राहायचं ठरलं होतं आणि तिसऱ्या दिवशी बाबा दारात उभे. तू धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडलास. पुढे शाळेत निबंध लिहिलास, ‘माझ्या बाबांना आमच्याशिवाय करमत नाही’. बाईंनी वर तारा काढला होता. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्या निबंधात जे नाही ते असं की आजीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि मी तिचं एकेक बोट सोडवून निघाले. बाबा बाहेर गाडी सुरू करून बसले होते. नवव्या दिवशी आजी गेली. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू त्या निबंधावर फार खूश होतास.

असो. तर माफी देऊन झाल्यावर बाबांनी मालकीणबाईंना फोन केला. हिचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, मंदिराचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मालकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, घरच्यांना नको ना, मग जाऊ दे गं, कशाला वाद! मी मान हलवली. दोन आठवडे मशिनीवर हॉटेलच्या पडद्यांच्या चुण्या घालत बसले. समोर भिंत, डोक्यावर ट्यूबलाइट, साडेपाचला दाराशी हॉर्न. असं वाटायचं की मीच कुणीतरी घडी घालून कपाटात ठेवलेली चादर आहे, आणि अधूनमधून कपाट उघडून ती जागेवर आहे ना एवढंच बघितलं जातंय. दुसरीने घेतलेल्या मापाचा चांदवा शिवून झाला, बांधायला घेतला तर एका अंगाला वीतभर आखूड. वरचं दालन चौकोनी दिसतं, पण तसं नाही, त्याची एक भिंत तिरकी आहे. ते मी माझ्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, पण चिठ्ठी कुणी मागितलीच नाही. ड्रायव्हरबाईंचा निरोप आला, जिला तिरकी भिंत दिसली तिलाच पाठवा.

बाबा म्हणाले, मीही येतो. आले. वर पोचल्यावर त्यांनी फोन बघितला, उंच धरला, खिडकीशी नेला. मग हळूच म्हणाले, “इथे नको. कापड खाली घे.” मी म्हटलं, “अहो, बांधायचं इथे आहे, माप इथलंच लागणार.” त्यांनी माझ्या हातातला टेप काढून घेतला, नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला. रागाने नाही हं. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी इतक्या हळुवारपणे. ड्रायव्हरबाई शिडी धरून उभ्या होत्या. त्यांनी बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, “बाई, तुम्हाला काय करायचंय?” टिल्लू, काय सांगितलं की कुणाला बरं वाटेल याचेच हिशेब डोक्यात फिरत होते आणि सहा बुद्ध समोर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मला हे काम पुरं करायचंय.” “मग हे खाली थांबतील,” ड्रायव्हरबाई म्हणाल्या, बसच्या दारात लोंबकळणाऱ्याला म्हणत असतील तशा सुरात. बाबांनी टेप खिडकीत ठेवला आणि गेले.

मी तीन तास काम केलं. आखूड अंगाला तिरका तुकडा जोडला, चारी कडांना सहाही मंडळींच्या आवडीच्या रंगांची बारीक गोट लावली, शिडीवर चढून कड्या अडकवल्या. चांदवा ताणून बसला तेव्हा ड्रायव्हरबाई जमिनीवरच उताण्या झोपून बघायला लागल्या, आणि मलाही शेजारी झोपून बघायला लावलं. एकही सुरकुती नव्हती. खाली आले तर बाबा गेलेले. माझी पर्सही त्यांच्याबरोबर गेलेली. फोन, घराची किल्ली, पैसे, सगळं तिच्यात. दाराशी बसलेल्या आजीबाईंकडे निरोप ठेवला होता, काम झालं की तिला घरी यायला सांगा.

मी पायरीवर बसले. एकही नंबर पाठ नव्हता, तुझासुद्धा नाही. फोनमध्ये असतो म्हणून कधी पाठ केलाच नाही. तुझा पत्ता तेवढा पाठ आहे, तुझ्या खोलीसाठी पडदे शिवून पाठवले तेव्हा पार्सलवर तीनदा लिहिला होता ना. चालत गेले असते तर घर पाऊण तासावर. साडेपाच वाजले, सहा वाजले, आणि मी उठले नाही. एवढंच झालं. फार मोठा निर्णय घेतला वगैरे काही समजू नकोस. पाय उठलेच नाहीत.

जिन्याखालच्या पाहुण्यांच्या खोलीत माझी सोय केली आहे. एक खाट, एक खुंटी, फाटकाकडे उघडणारी तळहाताएवढी खिडकी. दिवसभर खालच्या मजल्याचे छोटे चांदवे शिवते. बाबा रोज साडेपाचला येतात आणि फाटकासमोरच्या बाकड्यावर बसतात. आत येत नाहीत, हाक मारत नाहीत. मंदिरातली माणसं त्यांना चहा नेऊन देतात आणि आत येऊन मला सांगतात, बिचारे अजून बसलेत. मी प्रार्थनाचक्रांपर्यंत जाते आणि परत फिरते. मालकीणबाई परवा भेटायला आल्या, तेव्हा त्यांच्याकडून कळलं की माझ्या फोनवरून बाबाच तुला मेसेज करतात, मुलाला काळजी नको म्हणून. तेव्हा हे ऐकून ठेव. ‘जेवलास का’, ‘इथे फार शांत वाटतं’, ‘बाबांना फोन करत जा’, असं काही आलं असेल तर त्यातलं एकही वाक्य माझं नाही.

मी सुटले असंही समजू नकोस. खोटं कशाला लिहू? परवा पावणेसहा झाले तरी बाकडं रिकामं होतं, तर मीच खिडकीला नाक लावून उभी. ते आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, आणि मग स्वतःचीच इतकी चीड आली की हातातली शिवण उसवून टाकली. बाकड्यावर ते बसलेत की मी, हेच कधीकधी कळेनासं होतं. शिवणखान्याच्या मागे कापडाचे तागे ठेवायची खोली आहे, ती मालकीणबाईंनी माझ्यासाठी रिकामी केली आहे. हे सांगताना त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. सोमवारी मी तिकडे जाणार. ड्रायव्हरबाईंनी मागच्या अंगणाचं दार दाखवलं, पण मी समोरच्या फाटकानेच जाईन, बाबा बसलेले असताना. त्यांना काय सांगायचं याची रोज उजळणी करते आणि रोज विसरते. तू धावत येऊ नकोस आणि त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना फोन कर, दाब वाढलाय, गोळी घ्यायला विसरतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांची तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात तू घरी आला होतास, आपण तिघं जेवत होतो आणि तू तुझ्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होतास. तू तिला म्हणालास, कुठे आहेस? फोटो पाठव. असा नाही, मागची पाटी दिसली पाहिजे. तिने पाठवला. तू तो आम्हाला दाखवलास, बाबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसले आणि तुला आणखी वाढलं. फोटोत ती बसथांब्यावर उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या, त्यातल्या एका हाताने कसाबसा फोन धरलेला, आणि आपण खरं बोलतोय हे दिसावं म्हणून हसत होती. मी तिथेच तुला थांबवायला हवं होतं. मी तुझी आई आहे आणि ते हसू कसं येतं हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, तरी मी गप्प बसले. तू वाईट मुलगा नाहीस. बाबाही वाईट नव्हते, लग्न झालं तेव्हा रस्ता ओलांडताना ते माझा हात धरायचे आणि मला ते फार आवडायचं. म्हणून माझं एक काम कर. हे पत्र तिला दे. वाचून दाखवू नकोस, कुठली ओळ गाळू नकोस. तिच्या हातात दे आणि तिचं वाचून होईपर्यंत खोलीबाहेर जा. नंतर काय वाटलं म्हणून विचारू नकोस. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, आणि निघून जावंसं वाटलं तर दारातून बाजूला हो.

तुझीच,
आई